हौशी की व्यावसायिक? वऱ्हाडातील शालेय खेळाडूच्या अर्थार्जनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

अमरावती शहराच्या पश्चिमेस असलेला भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मोडतो. भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे येथे विहिरीच्या ओलिताला मर्यादा आहेत. कापूस, तूर, मूग, सोयाबीन ही पिके बहुतांशी पावसाच्या भरवशावर घेतली जातात. अशा कोरडवाहू टापूतील माध्यमिक शाळेचा एखादा विद्यार्थी तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत राज्यस्तरीय शालेय स्पर्धेपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याच्या घरात उभा राहणारा प्रश्न केवळ क्रीडाविषयक नसतो. बूट, प्रवास, आहार आणि प्रशिक्षण यांचा खर्च कोणी करावयाचा, हा त्याचा एक भाग. खेळातून चार पैसे मिळत असतील तर ते घ्यावेत की दहावी-बारावी होईपर्यंत थांबावे, हा त्याचा दुसरा आणि अधिक कठीण भाग होय.

शालेय वयातील खेळाडूला व्यावसायिक होऊ द्यावे काय, हा वाद सामान्यतः दोन टोकांवर मांडला जातो. पैशामुळे खेळातील निर्मळपणा जातो व शिक्षण मागे पडते, असे एक मत आहे. खेळाडूचे उमेदीचे वय अल्प असल्याने गुणवत्तेचे मोल वेळीच मिळावे, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत एक गृहीतक समान आहे. शालेय खेळाडू आज हौशी आहे आणि त्याला व्यावसायिक होण्याची ‘परवानगी’ द्यावयाची की नाही एवढेच ठरवणे बाकी आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत लेखात हे गृहीतक इतिहासाच्या आधारे तपासले आहे. गरीब घरातील मुलाचे शरीर खेळाच्या मैदानावर पूर्वीपासून अर्थार्जन करीत आले आहे. ‘हौशी’ या नियमाने त्याचे संरक्षण क्वचितच केले, बहुधा त्याला दाराबाहेर ठेवले. म्हणून आजचा खरा प्रश्न परवानगीचा नसून संरक्षणाचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

हौशीपणाची उत्पत्ती

खेळाडूने खेळासाठी पैसा घेऊ नये हा संकेत सनातन नाही. तो एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या उच्चवर्गीय क्लबांनी घडवला. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांनी कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडूच्या व्याख्येतूनच वगळले होते. त्या माणसाने खेळातून पैसा मिळवला की नाही हा मुद्दा गौण होता. तो हाताने काम करून पोट भरतो एवढे कारण पुरेसे होते. ज्याला रोजच्या भाकरीची चिंता नाही त्याचाच खेळ शुद्ध, असा या व्याख्येचा मथितार्थ होता. १८९४ साली पॅरिस येथे भरलेल्या ज्या परिषदेतून आधुनिक ऑलिम्पिक चळवळ जन्मास आली, त्या परिषदेतही हौशीपणाचा प्रश्न अग्रक्रमाने चर्चिला गेला होता.

या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध बळी एक विद्यार्थीच ठरला. अमेरिकेतील मूलनिवासी समाजातील जिम थॉर्प हा कार्लाइल येथील निवासी शाळेत शिकत होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यापूर्वी सुटीच्या काळात तो किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता, हे उघड होताच १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. ती परत करण्याचा निर्णय १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास तीन दशकांनी झाला आणि एकमेव विजेता म्हणून त्याच्या नावाची नोंद होण्यास २०२२ साल उजाडले. सुखवस्तू घरातील खेळाडूला जे पैसे मिळवण्याची गरजच पडली नसती, ते मिळवल्याबद्दल थॉर्पला ही शिक्षा झाली होती.

तालीम, मैदान आणि मोबदला

महाराष्ट्रातील देशी खेळांच्या परंपरेत हौशी आणि व्यावसायिक असा काटेकोर भेद नव्हता. कुस्तीच्या दंगलीत लहान मुलांची जोड बत्ताशावर किंवा खोबऱ्याच्या वाटीवर लागे, थोड्या मोठ्यांची नाण्यावर आणि नामवंत मल्लांची मोठ्या इनामावर. वय व कसब वाढेल तसे बक्षीस वाढत जाई. पैसा घेतल्याने मल्लाची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी मानीत नसे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना खुराक व आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, ते याच परंपरेचे संस्थानी रूप होते. मात्र या व्यवस्थेचा एक दोषही नोंदवला पाहिजे. मल्लाचे भवितव्य आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून असे. आश्रय गेला, दुखापत झाली किंवा वय झाले की त्याच्या हाती काही उरत नसे.

क्रिकेटमध्ये चित्र वेगळे होते, कारण तो खेळ आपल्यासोबत इंग्रजी वर्गभेद घेऊन आला होता. चर्मकार समाजातील पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा. पुण्यातील पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम करताना त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले तेव्हा हा पगार चार रुपये झाला. आजच्या हिशेबाने ते त्या वेळी हायस्कूलच्या वयाचे होते. सरावाच्या जाळ्यात इंग्रज फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी टाकणे हा त्यांच्या चाकरीचा भाग बनला आणि त्यातूनच त्यांची फिरकी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. बाळूंना कोणी ‘व्यावसायिक होऊ द्यावे काय’ असे विचारले नव्हते. मोलमजुरी हीच त्यांची मैदानावर प्रवेश मिळवण्याची एकमेव वाट होती. ज्या वयात सवर्ण व सधन घरांतील मुले शाळा-महाविद्यालयांच्या संघांतून हौशी म्हणून खेळत होती, त्याच वयात बाळू वेतनासाठी खेळत होते. हौशीपणा हा गुण नसून सवलत होती, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

अमरावतीची परंपरा

वऱ्हाडात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. १९१४ साली अनंतराव व अंबादासपंत या वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याने व्यायामाला राष्ट्रकार्याचे अधिष्ठान दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय क्रीडा व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडातील तरुण जागतिक व्यासपीठावर उभे राहिले, तेही कोणत्याही बक्षिसाच्या अपेक्षेविना, ही गोष्ट या भागाच्या सामूहिक स्मृतीत अभिमानाने जपली गेली आहे.

मंडळाच्या कार्याचे मूल्यमापन करताना मात्र एका बाबीकडे बहुधा दुर्लक्ष होते. या संस्थेने केवळ खेळाडू घडवले नाहीत. तिने शारीरिक शिक्षक घडवले. प्रशिक्षणवर्ग आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय यांच्या माध्यमातून व्यायामाची आवड असलेल्या तरुणाला पात्रता मिळाली आणि त्या पात्रतेच्या बळावर शाळाशाळांतून नोकरी मिळाली. म्हणजेच ज्या संस्थेला आपण निरपेक्ष हौशी परंपरेचे प्रतीक मानतो, तिने प्रत्यक्षात खेळातून उपजीविकेचा एक सन्माननीय मार्ग निर्माण केला. या मार्गाचे वैशिष्ट्य असे की त्यात खेळ आणि शिक्षण यांची फारकत नव्हती. शरीर थकल्यावरही माणसाजवळ ज्ञान व पदवी शिल्लक राहत असे. आजच्या चर्चेत वऱ्हाडाने आणावयाचा अनुभव तो हाच.

नोकरीच्या रूपातील व्यावसायिकत्व

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील खेळाडूने ‘व्यावसायिक’ हा शब्द न उच्चारता व्यवसाय शोधला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे मल्ल. स्पर्धेला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा खेळाडू १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाला. हौशी नियम पाळले गेले. परंतु त्याची किंमत एका प्राचार्याच्या घराने आणि एका मल्लाच्या उमेदीने मोजली.

यानंतरच्या काळात पोलीस, रेल्वे, बँका व औद्योगिक कंपन्या यांचे संघ हे कबड्डी, खो-खो, कुस्ती यांतील खेळाडूंचे आधारस्थान बनले. खेळाडू कागदोपत्री कारकून वा शिपाई असे, प्रत्यक्षात तो संघासाठी खेळे. राज्य शासनाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, त्यामुळे हा मार्ग अधिक रुळला. वऱ्हाडातील पालकांच्या मनात खेळाचा अर्थ अनेकदा ‘नोकरीसाठी प्रमाणपत्र’ असा होतो, त्याचे मूळ येथे आहे. या दृष्टीला संकुचित म्हणून हिणवण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाने खेळातील अनिश्चितता आणि नोकरीतील निश्चितता यांचा घातलेला तो व्यवहारी मेळ आहे.

या नोकरीप्रधान व्यवस्थेला वयाची नैसर्गिक मर्यादा होती, हेही लक्षात घ्यावे. नोकरीसाठी अठरा वर्षे पूर्ण असणे व किमान शालेय शिक्षण असणे आवश्यक असल्याने खेळाडूला दहावी-बारावीपर्यंत तरी शाळेत राहावे लागे. १९५४ साली स्थापन झालेल्या भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होत आल्या आहेत, त्यांचेही प्रवेशपत्र शाळेतील नाव हेच होते. व्यवस्था अपुरी होती, पण शाळा तिच्या केंद्रस्थानी होती.

लीगचे युग

२००८ साली इंडियन प्रीमियर लीग आणि २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर हे केंद्र हलले. कबड्डीचे उदाहरण विशेष बोलके आहे. ज्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द होता, त्याच्याच मान्यतेने सुरू झालेल्या लीगच्या पहिल्या लिलावात २०१४ मध्ये राकेश कुमार या खेळाडूला १२ लाख ८० हजार रुपयांची सर्वोच्च बोली लागली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी हीच रक्कम २ कोटी ६० लाखांवर गेली. मातीवरून मॅटवर आलेला हा खेळ दशकभरात गावच्या जत्रेतून दूरचित्रवाणीच्या मुख्य वेळेत पोहोचला.

क्रिकेटमध्ये वयाची मर्यादाच मागे सरकली. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने बिहारच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाला १ कोटी १० लाख रुपयांना संघात घेतले. १९ एप्रिल २०२५ रोजी, चौदाव्या वर्षी, त्याने पदार्पण केले आणि २८ एप्रिलला ३५ चेंडूंत शतक झळकावले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान वय १५ वर्षे ठरवले. म्हणजे देशासाठी खेळण्यास जो मुलगा सर्वसाधारणपणे लहान ठरला असता, तो खासगी संघासाठी खेळण्यास योग्य ठरला.

तथापि असे अपवादात्मक उदाहरण बाजूला ठेवले तरी मुद्दा कायम राहतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ साली १९ वर्षांखालील देशांतर्गत स्पर्धांतील खेळाडूंचे मानधन दररोज २०,००० रुपये असे ठरवले. या हिशेबाने चार दिवसांच्या एका सामन्यात विदर्भाचा अकरावी-बारावीतील खेळाडू ८०,००० रुपये मिळवतो. केंद्र शासनाच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या मुलाला दरमहा १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात. यांपैकी कोणालाही आपण व्यावसायिक म्हणत नाही. परंतु मोबदला, नियमित प्रशिक्षण, निवडीची स्पर्धा आणि अपयशाची किंमत हे व्यवसायाचे सर्व घटक त्यांच्या जीवनात आलेले आहेत. त्यामुळे ‘परवानगी द्यावी काय’ हा प्रश्न व्यवहाराने केव्हाच निकाली काढला आहे.

यशाची उदाहरणे आणि त्यांच्या मर्यादा

शालेय वयात मोठी झेप घेणाऱ्यांचे समर्थन करताना सचिन तेंडुलकर यांचे नाव हमखास घेतले जाते. १९८८ मध्ये शारदाश्रम विद्यामंदिरासाठी हॅरिस शील्ड स्पर्धेत विनोद कांबळी यांच्यासोबत ६६४ धावांची अभंग भागीदारी, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पंधराव्या वर्षी रणजी पदार्पणात शतक आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कसोटी पदार्पण हा क्रम सर्वश्रुत आहे. मात्र या कथेतील एक तपशील महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक होते. मुलगा अयशस्वी झाला असता तरी त्याच्या पाठीशी स्थिर उत्पन्नाचे, सुशिक्षित घर होते. ज्याच्या पाठीशी असे घर नाही त्याच्यासाठी तीच झेप अधिक धोक्याची ठरते.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा हा मुलगा एका रात्रीत देशभर प्रसिद्ध झाला आणि मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे कामगिरी घसरल्यावर २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी ती शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली. या घटनेत कोणाचाही दोष दाखवण्याचे प्रयोजन नाही. शिष्यवृत्ती ही मुलाच्या वाढीसाठी असते, धावांच्या मोबदल्यात नसते, हा भेद समाजाने व कुटुंबाने दोघांनीही गमावला होता, एवढेच त्यातून दिसते.

विदर्भातील उदाहरणे तर घाईच्या विरोधात साक्ष देतात. खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव पोलीस भरतीचे प्रयत्न करून नंतर चामड्याच्या चेंडूकडे वळला आणि २००८ मध्ये विदर्भाकडून खेळू लागला. अमरावतीत १९९३ साली जन्मलेल्या जितेश शर्माला २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने संघात घेतले, पण सामना मिळाला नाही. आयपीएलमधील त्याचा पहिला सामना २०२२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाला आणि २०२५ च्या हंगामासाठी रॉयल चॅलेंजर्स बंगळूरूने त्याच्यासाठी ११ कोटी रुपये मोजले. अमरावतीच्या या खेळाडूची कसोटी पंधराव्या वर्षी करारावर सही करता येते की नाही, ही नव्हती. पंधराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत खेळात टिकून राहणे ही होती. या तेरा वर्षांचा खर्च जो सोसू शकतो तोच टिकतो. उरलेले केव्हा गळून पडले, याची नोंदही राहत नाही.

कायद्यातील चार वर्षांची पोकळी

शालेय खेळाडूच्या संरक्षणाचा विचार केला तर भारतीय कायद्यात एक चमत्कारिक पोकळी आढळते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क, २००९ च्या कायद्यानुसार, सहा ते चौदा या वयासाठी आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सर्वसाधारण बंदी घातली. मात्र कौटुंबिक उद्योगातील मदत आणि दृक्‌श्राव्य मनोरंजन व सर्कस वगळता क्रीडाविषयक कार्य यांना अटींवर सूट दिली. २०१७ च्या नियमांनुसार अशा मुलाचा व्यावसायिक कार्यक्रमात सहभाग घेण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसातून पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, शिक्षणाची व्यवस्था करावी लागते आणि उत्पन्नाच्या किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते.

ही तरतूद उत्तम आहे. परंतु ती चौदाव्या वर्षी संपते. त्यानंतरच्या किशोरवयीनांसाठी धोकादायक व्यवसायांवरील बंदी आणि कामाच्या वेळांविषयीचे सर्वसाधारण नियम आहेत. शिक्षणाची व मुदत ठेवीची खास हमी नाही. दुसरीकडे, १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास अपात्र आहे. १९०३ मध्ये मोहरी बीबी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरवला. १९४९ मध्ये राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर अल्पवयीन मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी केलेल्या कराराचा प्रश्न आला. तो करारही शून्य ठरला आणि मुलीला मोबदल्यासाठी दाद मागता आली नाही. अज्ञानाच्या रक्षणासाठी केलेला नियम अशा वेळी त्याच्यावरच उलटतो. याउलट इंग्लंडमध्ये १९१३ च्या रॉबर्ट्स विरुद्ध ग्रे या बिलियर्ड्स खेळाडूच्या आणि १९३५ च्या डॉयल विरुद्ध व्हाइट सिटी स्टेडियम या मुष्टियोद्ध्याच्या प्रकरणांत, एकंदरीत अज्ञानाच्या हिताचा असलेला करार बंधनकारक मानला गेला.

चौदा ते अठरा ही चार वर्षे म्हणजे नववी ते बारावीची, अर्थात हायस्कूलच्या खेळाडूचीच वर्षे. शिक्षणाचा सक्तीचा हक्क संपलेला, बालकाचे संरक्षण संपलेले आणि प्रौढाचा करार करण्याचा अधिकार अद्याप न मिळालेला, अशा अवस्थेत तो बाजारात उभा राहतो.

मुलांच्या शरीराचा आणि बक्षिसाच्या रकमेचा संबंध आला की कायद्याला हस्तक्षेप करावा लागतो, हे दहीहंडीच्या वादातही दिसले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागावर बंदी घातली. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाच्या हमीनंतर ही मर्यादा चौदा वर्षांवर आली. २०२२ साली शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. वयाची रेषा अठरावरून चौदावर सरकते तेव्हा मधल्या चार वर्षांतील मुलांचे काय, हा प्रश्न येथेही अनुत्तरित राहिला.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगमध्ये १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट आले व यशस्वी झाले. तरीही २००५ च्या करारात किमान वय १९ वर्षे ठरवण्यात आले. त्यामुळे मुले एका वर्षासाठी नाममात्र महाविद्यालयात जाऊ लागली. महाविद्यालये त्यांच्या खेळातून अमाप पैसा मिळवीत असताना खेळाडूला मात्र हौशी म्हणून मोबदला नाकारला जात होता. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाल्यावर ही विसंगती कमी झाली. बंदीने पैसा थांबला नाही, तो फक्त दुसऱ्याच्या खिशात गेला, हा या प्रकरणाचा धडा आहे.

मुक्त परवानगीचा अनुभवही बोधप्रद आहे. १९९० मध्ये जेनिफर कॅप्रियाटी चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच व्यावसायिक टेनिस खेळू लागली आणि काही वर्षांतच मानसिक ताणाने तिला खेळापासून दूर जावे लागले. त्यानंतर महिला टेनिस संघटनेने वयानुसार स्पर्धांची संख्या मर्यादित केली. कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकार जॅकी कूगन याच्या प्रकरणानंतर १९३९ मध्ये कायदा करून मुलाच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज केली. या दोन्ही उपायांत बंदी नाही व मोकाट सूटही नाही. वयानुरूप पायऱ्या आणि मुलाच्या नावे राखीव रक्कम, असा तो मध्यममार्ग आहे.

मुलींचा प्रश्न

ग्रामीण मुलींच्या बाबतीत हा विचार आणखी एका अंगाने करावा लागतो. मुलींच्या कबड्डी-खो-खोला महाराष्ट्रात दीर्घ परंपरा असूनही आर्थिक संधी उशिरा व तुटपुंज्या आल्या. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ च्या तिच्या लिलावात तमिळनाडूच्या सोळा वर्षांच्या जी. कमलिनीला १ कोटी ६० लाख रुपये मिळाले. ज्या घरात मुलीच्या खेळाला ‘किती दिवस?’ असा प्रश्न विचारला जातो, तेथे खेळातून आलेला नियमित मोबदला तिच्या शिक्षणाची मुदत वाढवू शकतो. म्हणून हौशीपणाच्या नावाखाली हा मोबदला नाकारणे मुलींवर दुहेरी अन्याय करणारे ठरेल. मात्र तो मोबदला तिच्या नावे जमा होतो की कुटुंबाच्या खर्चात विरतो, हे पाहणारी यंत्रणा तितकीच आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हौशीपणाचा नियम मुलांच्या हितासाठी जन्मला नव्हता. त्याने कष्टकरी घरातील खेळाडूला वगळले किंवा त्याचा मोबदला इतरांकडे वळवला. दुसरी, शालेय खेळाडू आज व्यवहारतः अर्थार्जन करीत आहे, त्यामुळे संपूर्ण बंदी निरर्थक आहे. तिसरी, अपयशी ठरणाऱ्या बहुसंख्यांचा विचार न करता दिलेली मोकळीक ही जुन्या आश्रयदात्याच्या मर्जीचेच नवे रूप ठरेल.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. पैसा येताच वयाचे खोटे दाखले, अतिसराव आणि परीक्षेकडे दुर्लक्ष या गोष्टी वाढतात, असे ते म्हणतात, आणि ते चुकीचे नाही. क्रिकेट मंडळाला हाडांच्या चाचणीने वय पडताळावे लागते, हीच त्याची साक्ष आहे. परंतु या दोषांचे उत्तर नियमनात आहे. त्या दृष्टीने पुढील उपाय विचारार्ह ठरतात. चौदा वर्षांखालील मुलांसाठी असलेली मुदत ठेवीची व शिक्षणाची तरतूद अठरा वर्षांपर्यंत वाढवावी. अल्पवयीन खेळाडूच्या प्रत्येक कराराची नोंद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्हावी व तो मुलाच्या हिताचा आहे काय, याची स्वतंत्र तपासणी व्हावी. दुखापतीचा विमा संघाने उतरवावा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात स्पर्धा व शिबिरे ठेवू नयेत. आणि खेळासाठी शिक्षण खंडित झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेश देण्याची वाट महाविद्यालयांनी खुली ठेवावी. शेवटचा उपाय शासनाच्या आदेशाची वाट न पाहता प्राध्यापकवर्ग आपल्या पातळीवर बऱ्याच अंशी अमलात आणू शकतो.

भातकुलीसारख्या तालुक्यातील शेतकरी पीक पेरताना पावसाचा भरवसा धरीत नाही. तो कापसाच्या ओळींत तुरीची ओळ टाकतो, एक गेले तर दुसरे हाती लागावे म्हणून. शालेय खेळाडूच्या बाबतीत खेळ आणि शिक्षण यांचे नाते याच न्यायाने ठरवावे लागेल. अमरावतीच्या व्यायामपरंपरेने शंभर वर्षांपूर्वी दोन्ही ओळी एकाच शेतात घेतल्या होत्या. लीगच्या काळात त्यांतील एक ओळ उपटली जाऊ नये, ही जबाबदारी पालकांइतकीच शाळा व महाविद्यालयांची आहे.